चीक, पान्हा आणि दूध : स्तन्य केव्हा काढावे ह्या प्रश्नाचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रसूतीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'हिला अजून दूध आलेले नाही.' ते कधी सासू उच्चारते, कधी आई, कधी परिचारिका, आणि पुष्कळदा स्वतः बाळंतीणच. वाक्य लहान आहे. परंतु त्याचे परिणाम लहान नसतात. त्याच्या पाठोपाठ वरच्या दुधाचा डबा आणि बाटली येते. मूल बाटलीने तृप्त होऊन झोपी जाते आणि स्तनाला लागत नाही. जे दूध तिसऱ्या दिवशी भरावयाचे, ते पाचव्या दिवशी आणि तेही अपुरे भरते. मग आरंभीचे वाक्य खरेच होते, अशी सर्वांची खात्री पटते. वस्तुतः ते वाक्य खरे नव्हते. ते खरे करण्यात आले.

ह्याच वाक्याच्या उलट बाजूस एक नवा प्रश्न अलीकडे उभा राहिला आहे. दूध काढण्याची यंत्रे शहरांतील बाजारात सहज मिळू लागल्यापासून गर्भवती स्त्रिया विचारतात की, दूध काढावयास केव्हा आरंभ करावा : बाळंतपणापूर्वी, बाळंतपण होताच, की काही आठवड्यांनी? ह्या प्रश्नाची जी उत्तरे दिली जातात ती परस्परविरोधी वाटतात. कोणी सांगतो, छत्तिसाव्या आठवड्यापासून. कोणी सांगतो, पहिल्या तासात. कोणी सांगतो, सहा आठवडे यंत्राला हातही लावू नये. गोंधळाचे कारण असे की, ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. प्रश्नातील 'दूध' हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला गेला आहे.

मराठी भाषेत ह्या तीन गोष्टींना तीन स्वतंत्र शब्द पूर्वीपासून आहेत : चीक, पान्हा आणि दूध. त्यांचे अर्थ वेगळे ठेवले, तर काढण्याच्या काळाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, आणि ते एकमेकांत मिसळले, तर त्याची किंमत नवजात बालकाला द्यावी लागते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. चीक

'चीक' हा शब्द मराठीत अनेक ठिकाणी योजला जातो. वडाचा किंवा रुईचा चीक, कुरडयांसाठी गहू भिजवून वाटून काढलेला चीक, आणि व्यालेल्या गाईम्हशींचा पहिल्या काही दिवसांचा चीक. ह्या सर्व प्रयोगांत दाटपणा, चिकटपणा आणि अल्प प्रमाण हे अर्थघटक समान आहेत. स्त्रीच्या पहिल्या स्तन्यालाही हे वर्णन तंतोतंत लागू पडते. ते पिवळसर, दाट व थोडे असते. संस्कृतात ह्यासाठी 'पीयूष' हा शब्द आहे. अमरकोशाने त्याचा अर्थ नवे दूध असा दिला आहे. अमृत हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ.

चिकाच्या बाबतीत एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. गाईचा चीक मराठी घरात अत्यंत हौसेने स्वीकारला जातो. त्याचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. स्त्रीचा चीक मात्र जड, शिळा, मुलाला न पचणारा असे मानून पिळून टाकण्याची प्रथा भारताच्या अनेक भागांत दीर्घकाळ होती, आणि ती आजही सर्वस्वी नाहीशी झालेली नाही. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो पक्वान्नाचे मूळ ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याज्य मळ.

चिकाविषयी आज निश्चितपणे माहीत असलेली गोष्ट अशी की, तो प्रसूतीनंतर तयार होत नाही. गर्भारपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यानंतर स्तनातील ग्रंथिपेशी स्तन्याचे घटक निर्माण करू लागतात. काही स्त्रियांच्या वस्त्रांवर सातव्या-आठव्या महिन्यात जे पिवळे डाग दिसतात ते ह्याच चिकाचे. डाग दिसले नाहीत, तरी चीक नाही असा अर्थ होत नाही. म्हणजे मूल जन्मते त्या क्षणी त्याचे अन्न तयारच असते. फक्त ते थोडे असते. पहिल्या चोवीस तासांत एका वेळेस २ ते १० मिलिलिटर एवढेच ते मिळते. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे हे प्रमाण डोळ्यांपुढे येईल. नवजात बालकाची पहिल्या दिवसाची गरजही तेवढीच असते. चिकात रोगप्रतिबंधक प्रथिने, विशेषतः 'इम्युनोग्लोब्युलिन ए', आणि जिवंत श्वेतपेशी विपुल असतात. ती आतड्याच्या आतील आवरणावर एक प्रकारे लेप देऊन जंतूंना अटकाव करतात.

तेव्हा 'दूध आलेले नाही' हे पहिल्या दिवसाचे वाक्य 'दूध' ह्या शब्दाच्या एका अर्थाने खरे असले, तरी 'मुलाला देण्यासारखे काही नाही' हा त्यातून काढला जाणारा अर्थ खोटा आहे. दूध आलेले नसते. चीक आलेला असतो.

३. दूध

'दूध' हा शब्द संस्कृत 'दुग्ध' ह्यापासून आला, आणि 'दुग्ध' हे 'दुह्' ह्या धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दूध म्हणजे दोहिलेले, काढलेले. व्युत्पत्ती हा शरीरशास्त्राचा पुरावा होऊ शकत नाही, हे सांगावयास नकोच; तथापि ह्या ठिकाणी जुना अर्थ आणि नवे ज्ञान ह्यांचा मेळ बसतो, एवढे नमूद करण्यास हरकत नाही. कारण दूध बनत राहते ते काढले जाते म्हणून.

गर्भारपणात वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक विपुल दूधनिर्मितीला अडवून धरते. वार पडली की त्याचे रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरते. दुग्धजनक प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. आणि साधारणतः ४८ ते ७२ तासांत स्तन भरून येतात. हेच लोकभाषेतील 'दूध उतरणे' किंवा 'दूध भरणे'. वारेचा तुकडा गर्भाशयात राहून गेला असता दूध भरत नाही व तो काढल्यावर भरते, ह्यावरून हा कार्यकारणभाव स्पष्ट होतो. पहिलटकरीण, मधुमेह असलेली, स्थूल, अथवा शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली स्त्री असल्यास हे भरणे ७२ तासांच्या पुढे लांबण्याचा संभव अधिक असतो.

प्राचीन वैद्यांनी हा काळ अचूक हेरला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते, असे सांगितले आहे. निरीक्षण म्हणून ते आजही निर्दोष आहे. परंतु त्याच ठिकाणी मधल्या दिवसांसाठी मध व तूप चाटविण्याचा विधी दिला असल्यामुळे, 'स्तन्य' ह्या शब्दाने येथे केवळ भरून आलेले दूध अभिप्रेत आहे आणि चिकाची गणना त्यात झालेली नाही, असे मानावे लागते. शब्दाची व्याप्ती एका पायरीने आखूड पडली आणि तीन दिवस रिकामे राहिले. ते भरून काढण्यासाठी मध आले. आजचे वैद्यक नवजात बालकाला मध देणे धोक्याचे मानते. कारण मधातील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतील मुलाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

दूध एकदा भरल्यावर निर्मितीचे सूत्र बदलते. आरंभी सर्व कारभार संप्रेरकांच्या हाती असतो. पुढे तो प्रामुख्याने स्तनाच्या हाती जातो. स्तन रिकामा झाला की निर्मिती वेग घेते. भरलेला राहिला की ती मंदावते. हे दोन्ही स्तनांत स्वतंत्रपणे घडते. एकच बाजू पाजली तर दुसऱ्याच बाजूचे दूध आटू लागते. धार न काढलेले जनावर आटते हे गवळ्याला सांगावे लागत नाही. शहरातील शिक्षित स्त्री मात्र पुष्कळदा स्तनाची कल्पना हौदासारखी करते : जपून वापरले तर उरेल. ही उपमा चुकीची आहे. स्तन हा हौद नसून विहीर आहे. उपसा झाला म्हणजेच झरे वाहते राहतात.

४. पान्हा

तिसरा शब्द सर्वांत सूक्ष्म आहे. 'पान्हा' हा संस्कृत 'प्रस्नव', प्राकृत 'पण्हव' ह्या मार्गाने मराठीत आला. 'स्न'चा 'ण्ह' किंवा 'न्ह' होणे हे 'स्नान' व 'न्हाण' ह्या जोडीतही दिसते. पान्हा म्हणजे दूध नव्हे, दुधाची निर्मितीही नव्हे. तयार असलेले दूध वाहू लागणे म्हणजे पान्हा.

ह्या शब्दाचे व्याकरण लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. चीक काढता येतो, दूध काढता येते. पण 'पान्हा काढणे' असा प्रयोग मराठीत होत नाही. पान्हा फुटतो. 'फुटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्याचा कर्ता पान्हाच असतो, आई नव्हे. तिच्या इच्छेच्या कक्षेबाहेरची ही क्रिया आहे, हे भाषेने क्रियापदाच्या निवडीतच नोंदवून ठेवले आहे. फार तर गाय 'पान्हवून' घेता येते : वासरू आधी सोडावयाचे, आंबोण पुढे ठेवावयाचे, ओळखीच्या हाताने कासेला स्पर्श करावयाचा. परका माणूस दिसला, वासरू दगावले, की गाय 'पान्हा चोरते'. दूध कासेत असते, पण उतरत नाही.

ह्या व्यवहाराचे आजचे नाव ऑक्सिटोसिन हे आहे. मुलाच्या चोखण्याने, त्याच्या रडण्याने, दिसण्याने किंवा नुसत्या आठवणीनेही मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून हे संप्रेरक रक्तात उतरते. दूधग्रंथींभोवतीचे सूक्ष्म स्नायुतंतू आकुंचन पावतात आणि दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते. भय, वेदना व लज्जा ह्यांनी हे कार्य तात्पुरते थबकते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अपत्याचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि त्याला जवळ घेणे ही स्तन्य वाहू लागण्याची निमित्ते म्हणून सांगितली असून अखंड स्नेह हे त्याचे कारण मानले आहे. निर्मितीचा काळ एका स्थानी आणि वाहण्याचे निमित्त दुसऱ्या स्थानी सांगितलेले असल्याने ह्या दोन क्रियांतील भेद तेथे स्पष्ट राहतो.

दूध काढावयास बसलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ह्याचा अर्थ उघड आहे. यंत्र काही काढू शकते ते पान्हा फुटल्यावरच. बाटलीत थेंब पडला नाही म्हणून दूध नाही असे ठरविणे, म्हणजे चोरलेला पान्हा आणि आटलेले दूध ह्यांत गल्लत करणे होय.

५. प्रसूतीपूर्वी

आता काळाचा प्रश्न क्रमाने घेता येईल. प्रसूतीपूर्वी जे काढता येते ते केवळ चीक असते. त्यामुळे 'प्रसूतीपूर्वी दूध काढावे का' ह्या प्रश्नाचे खरे रूप 'चीक काढून ठेवावा का' असे आहे.

निरोगी गर्भवतीला ह्याची सामान्यतः गरज नसते. तिचा चीक तिच्या मुलाला जन्मानंतर पहिल्या तासात थेट मिळू शकतो. प्रसूतीपूर्वी काढल्याने पुढे दूध अधिक भरते असेही समजू नये. वार जागेवर असेपर्यंत विपुल निर्मितीचा मार्ग बंदच असतो. मात्र मधुमेही मातेच्या बाबतीत प्रश्न निराळा होतो. आईच्या रक्तातील वाढलेल्या साखरेला तोंड देण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करीत असते. जन्मानंतर आईकडून येणारी साखर एकाएकी थांबते, पण इन्सुलिन लगेच कमी होत नाही. परिणामी नवजाताची रक्तशर्करा पहिल्या काही तासांत धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. अशा वेळी मुलाला पावडरीचे दूध दिले जाते. आईचाच चीक आधी काढून गोठवून ठेवला तर ही वेळ टळेल, ह्या कल्पनेने तो काढण्याचा सल्ला काही देशांत दिला जाऊ लागला. पण स्तनाग्राच्या उत्तेजनाने ऑक्सिटोसिन स्रवते व त्याने गर्भाशयही आकुंचन पावते. मग मूल वेळेआधी जन्मेल काय, अशी रास्त शंका होती.

ह्या शंकेची परीक्षा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झाली. डेला फॉर्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१७ साली 'द लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या, परंतु अन्य गुंतागुंत नसलेल्या ६३५ गर्भवतींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाने छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांपर्यंत, हाताने चीक काढला. दुसऱ्या गटाने काढला नाही. नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात १५ टक्के व दुसऱ्यात १४ टक्के होते. म्हणजे अपाय आढळला नाही. पहिल्या चोवीस तासांत केवळ मातृस्तन्यावर राहिलेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ६९ व ६० टक्के होते.

ह्या निष्कर्षाच्या मर्यादा त्याच्या शब्दांतच आहेत. आठवडा छत्तिसावा, त्यापूर्वीचा नव्हे. साधन हात, यंत्र नव्हे. गर्भवती अन्य धोका नसलेल्या. मुदतपूर्व प्रसूतीचा पूर्वेतिहास असलेल्या, रक्तस्राव झालेल्या, वार गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या किंवा मुखास टाका घातलेल्या स्त्रियांना हा निष्कर्ष लावता येत नाही. त्यांनी हा उपाय टाळावा. इतरांनीही तो प्रसूतितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा, आणि पोटात कळा जाणवू लागल्यास थांबवावा. त्या आठवड्यांत काहीजणींना चीक मुळीच निघत नाही. त्यावरून पुढे दूध भरणार नाही असे अनुमान काढणे सर्वथा अयोग्य होय.

६. प्रसूतीनंतरचे पहिले दिवस

मूल पूर्ण दिवसांचे, निरोगी व आईजवळ असेल, तर काढण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या तासात त्याला स्तनाशी घ्यावे. भारतात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे सुमारे ४२ टक्के मुलांच्याच वाट्याला आल्याचे दिसते. रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण त्याच सर्वेक्षणात ८८ टक्क्यांच्या पुढे गेले असताना ही स्थिती आहे, हे विशेष.

निरोगी मूल काही तास उलटूनही स्तनाला लागत नसेल, तर हाताने चीक काढून चमच्याने किंवा वाटीने पाजावा. पूर्वीच्या घरांत बोंडले असे. वाटीसारख्या ह्या भांड्याला एका बाजूस नाळके असते. त्याच जातीचे भांडे आजही अनेक नवजात विभागांत वापरले जाते. चोच असलेली भांडी नीट उकळावी लागतात. साधी वाटी व चमचा स्वच्छ ठेवणे त्याहून सोपे. येथे यंत्राऐवजी हात अधिक उपयुक्त ठरतो, कारण दाट व थोडा चीक यंत्राच्या भागांना चिकटूनच संपतो. अंगठा व बोटे स्तनाग्राच्या कडेच्या काळसर वर्तुळाबाहेर ठेवून, प्रथम छातीच्या दिशेने मागे दाबून, मग जवळ आणावयाची व सैल सोडावयाची. बोटे त्वचेवर घासावयाची नाहीत. एवढी कृती दोन-चार प्रयत्नांत साधते.

मूल अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा आजारामुळे आईपासून दूर ठेवावे लागले असेल, तर प्रश्न तातडीचा होतो. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाला चोखणे, गिळणे व श्वास घेणे ह्यांचा मेळ बहुधा साधत नाही. अशा आईने शक्यतो पहिल्या तासात, आणि काहीही झाले तरी सहा तासांच्या आत, काढावयास आरंभ करावा. पुढे दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढावे, आणि रात्रीची एक वेळ चुकवू नये. ह्या वेळी येणारे थेंब नाममात्र असतात; ते मोजण्यासाठी काढावयाचे नसून पुढील दूध भरावे म्हणून काढावयाचे असतात. मुलाने जी मागणी केली असती ती त्याच्या वतीने हाताने नोंदवावयाची असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील जेन मॉर्टन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन दिवसांत यंत्राबरोबर हातानेही वारंवार चीक काढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या मातांचे पुढील आठवड्यांतील दूध लक्षणीय वाढल्याचे दिसून आले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिवसाला ५०० मिलिलिटरच्या पुढे मजल गेली, तर पुढील महिन्यांची चिंता बरीच कमी होते.

हा आटापिटा कशासाठी, असे विचारले जाते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आतड्याचा एक घातक दाह होतो. त्यात आतड्याचा भाग मृत होऊन मूल दगावू शकते. मातृस्तन्यावर वाढणाऱ्या मुलांत त्याचे प्रमाण पावडरीच्या दुधावरील मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळते. आईचे दूध तात्काळ मिळत नसेल, तर दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध हा पुढचा पर्याय. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेली मातृदुग्धपेढी ही आशियातील पहिली होय. मात्र पेढीचे दूध हा आधार आहे, पर्याय नव्हे. उष्णतेने निर्जंतुक करताना त्यातील जिवंत पेशी नष्ट होतात आणि रोगप्रतिबंधक घटकांचा काही अंश कमी होतो.

आईपासून मूल दूर असते तेव्हाच पान्ह्याचा प्रश्न तीव्र होतो. वासरू दृष्टीआड झालेल्या गाईसारखीच तिची अवस्था असते. म्हणून मुलाजवळ बसून, ते शक्य नसेल तर त्याचे कापड हाती घेऊन किंवा छायाचित्र समोर ठेवून, आडोसा व निवांतपणा मिळेल अशा ठिकाणी काढण्याची सोय करणे ही औषधाइतकीच आवश्यक व्यवस्था आहे. मूल स्थिर असल्यास त्याला उघड्या छातीशी धरणे हे तर सर्वोत्तम. परक्यांच्या येरझारा चालू असलेल्या खोलीत, घड्याळाकडे पाहत, कोरड्या बाटलीची लाज वाटत असलेल्या स्त्रीकडून पान्ह्याची अपेक्षा करणे हे गवळीसुद्धा करणार नाही.

७. दूध भरल्यानंतर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन ताठ होऊन मुलाच्या तोंडात स्तनाग्र मावेनासे होते. अशा वेळी थोडेसे, मऊपणा येईल एवढेच काढून मग पाजावे. ताठलेल्या, दुधाने तट्ट भरलेल्या स्तनावर मुलाला तसेच लावले असता त्याला ठसका व वांती होते, म्हणून आधी किंचित काढून टाकावे, असे सुश्रुतसंहितेतही आढळते. येथे 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा. ठणका थांबावा म्हणून प्रत्येक वेळी स्तन रिकामा केला, तर मागणी वाढल्याची खूण शरीराला मिळते. दूध अधिकच भरते, गाठी होतात आणि दाहाला निमंत्रण मिळते.

ह्याच कारणासाठी निरोगी मूल नीट पीत असेल तर पहिले चार ते सहा आठवडे यंत्र बाजूला ठेवावे, असा सल्ला दिला जातो. ह्या काळात मुलाची गरज आणि आईची निर्मिती ह्यांचा मेळ बसत असतो. मुलाचे वजन वाढत आहे आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत आहे, ह्या दोन खुणा दूध पुरेसे असल्याचे सांगतात. बाटलीतील रेषा ते सांगू शकत नाही.

नोकरीवर परतणाऱ्या स्त्रीने कामाच्या दिवसापूर्वी दोन-तीन आठवडे सराव सुरू करावा. त्याहून फार आधी साठा करण्याची आवश्यकता नाही. सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढणे पुरते. भारतात प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. केवळ स्तन्यावर मूल वाढविण्याच्या सहा महिन्यांच्या शिफारशीशी ही मुदत जुळती आहे. परंतु शेतमजुरी, बांधकाम, घरकाम करणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या वाट्याला अशी रजा येत नाही. त्यांच्यासाठी यंत्रापेक्षा हाताने काढण्याचे कौशल्य हेच खरे साधन आहे. काढलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास, आणि शीतकपाटात चार दिवस टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही चार तासांची मुदत धरून चालू नये. ते लगेच पाजावे किंवा थंड जागी ठेवावे. एकदा मुलाच्या तोंडाला लागलेले उरलेले दूध पुन्हा ठेवू नये.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा : चीक काढण्याचा काळ, दूध काढण्याचा काळ आणि पान्हा फुटण्याचे निमित्त ह्या तीन स्वतंत्र बाबी आहेत. चीक विशेष कारण असल्यास छत्तिसाव्या आठवड्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने, आणि मूल दूर असल्यास जन्मानंतर पहिल्या तासापासून काढावा. निरोगी मूल जवळ असल्यास दूध काही आठवडे त्यालाच काढू द्यावे. पान्ह्याला काळ नाही. त्याला केवळ सान्निध्य आणि स्वास्थ्य लागते.

आरोग्यविषयक मराठी पत्रके पुष्कळदा परभाषेतील मजकुरावरून तयार होतात आणि त्यांत ह्या तिन्ही बाबींसाठी 'दूध' हा एकच शब्द सरसकट योजलेला दिसतो. 'चिकाचे दूध' हा प्रयोग काही अंशी रूढ झाला आहे, ही समाधानाची गोष्ट. 'पान्हा' मात्र कवितेत आणि गोठ्यातच उरला आहे. परिभाषा घडविताना नवे संस्कृत शब्द बनविण्यापूर्वी घरात आणि गोठ्यात कोणता भेद पूर्वीच नोंदला गेला आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. येथे तो नोंदलेला आहे आणि नव्या ज्ञानाने तो खोडून न काढता दृढ केला आहे.

ह्या भेदाचा उपयोग अगदी साधा आहे. 'दूध आले का?' ह्या एका प्रश्नाऐवजी बाळंतिणीला तीन प्रश्न विचारता येतील. पहिल्या दिवशी : चीक दिसतो का? मूल जवळ घेतल्यावर : पान्हा फुटल्याचे जाणवते का? तिसऱ्या दिवशी : दूध भरू लागले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक प्रत्येक स्त्री होकारार्थी देऊ शकेल. आणि ज्या स्त्रीने पहिल्या दिवशी 'होय' असे उत्तर दिले, तिच्या उशाशी त्या दिवशी बाटली ठेवण्याचे कारण उरत नाही.